ॲस्टनचा तीव्र मध्यम

घरात पेटी असेल तर पांढरी पाचला सा धरा. आधी खालचा सा, मग वरचा सा, आणि तिथून उतरून मधल्या काळी एकवर थांबा. हा तीव्र मध्यम. यमन शिकायला बसलेल्या पोराला तो अगदी सुरुवातीलाच भेटतो, आणि तिथे तो फार गोड वागतो, कारण त्याच्या पुढेच पंचम उभा असतो. इथे मात्र पंचमावर विसावायचं नाही. बोट थरथरवत त्याला नुसतं शिवायचं आणि मागे फिरायचं. गंधार नाही, रिषभ नाही, दुसरं काहीच नाही. अतिविलंबित लयीत हेच तीन सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहा. दोन मिनिटांत आतल्या खोलीतून कोणीतरी येऊन विचारेल, ‘हे काय चाललंय?’

हे तीन सूर 13 फेब्रुवारी 1970 रोजी इंग्लंडमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत आले. तेरा तारीख आणि शुक्रवार, म्हणजे तिकडची शनि-अमावस्याच. बँडचं नाव ब्लॅक सब्बाथ, तबकडीचं नाव ब्लॅक सब्बाथ आणि पहिल्या गाण्याचं नावही ब्लॅक सब्बाथ. वाजवणारे चौघे बर्मिंगहॅमचे, वयं वीस ते बावीसच्या आत. पुढे ‘हेवी मेटल’ म्हणून जो संगीतप्रकार जगभर पसरला, त्याची पहिली तबकडी कोणती यावर जाणकार अजून भांडतात, पण बहुतेकांची बोटं शेवटी हिच्याकडेच वळतात. त्या चौघांना मात्र तेव्हा तो शब्द ठाऊक नव्हता. आपण ब्लूज वाजवतो, जरा मोठ्याने वाजवतो, एवढंच ते समजत होते.

सा ते तीव्र मध्यम या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात ‘संगीतातला सैतान’ असं नाव होतं. मध्ययुगात चर्चने या अंतरावर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला जाळत असत, अशा कहाण्या हेवी मेटलचे चाहते हौसेने सांगतात. अशा बंदीचा पुरावा कुठेही नाही. कोरसमध्ये गाणाऱ्यांना हे अंतर सुरात घेणं अवघड जायचं, कानाला खटकायचं, म्हणून रचनाकार ते टाळत. सैतान हे त्या कटकटीचं टोपणनाव. पुढे रचनाकारांनी त्याचा मुद्दाम वापर केला. गुस्ताव होल्स्टने पहिल्या महायुद्धाच्या आसपास ग्रहांवर जी सुरावट रचली, त्यातल्या युद्धदेव मंगळाच्या भागात ते ठासून भरलं आहे. बँडचा बेस गिटारवाला गीझर बटलर याला तो मंगळ फार आवडायचा. एकदा तालमीत तो त्याचीच सुरावट बेसवर काढत बसला होता. दुसऱ्या दिवशी टोनी आयोमीने गिटारवर हे तीन सूर वाजवले. सैतानाचा प्रवेश झाला तो एवढाच.

पण ते तीन सूर त्या गिटारमधून तसेच का आले, याचं उत्तर होल्स्टकडे नाही. त्यासाठी एका पत्र्याच्या कारखान्यात जावं लागतं.

बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचं शहर’ म्हणत. स्क्रूपासून मोटारीपर्यंत सगळं तिथे बनायचं. महायुद्धात याच कारणासाठी जर्मन विमानांनी ते झोडपून काढलं, दोन हजारांहून जास्त माणसं मेली, आणि युद्धानंतर जन्मलेली पोरं बॉम्बने पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर खेळत मोठी झाली. ॲस्टन हा त्यातला उत्तरेकडचा कामगारांचा भाग. एकीकडे एचपी सॉसचा कारखाना, त्याला लागूनच अँसेल्सची बिअरची भट्टी. व्हिनेगर आणि आंबलेलं माल्ट यांचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आलटून पालटून यायचा. मधोमध व्हिला पार्कचं फुटबॉल मैदान. त्याच्या जवळच लॉज रोडवर जॉन मायकेल ऑस्बॉर्न राहायचा. शाळेत सगळे त्याला ऑझी म्हणत. सामन्याच्या दिवशी लोकांच्या गाड्या ‘सांभाळून’ तो चार पेनी मिळवायचा. याच मैदानावर 5 जुलै 2025 रोजी हे चौघे अखेरचे एकत्र वाजले. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला.

ऑझीचे वडील जॅक हत्यारं बनवणारे कारागीर, कायम रात्रपाळीला. आई लुकास कंपनीत, जिथे मोटारींचे विजेचे भाग बनत. ऑझीला वाचता-लिहिता धड येत नव्हतं, आणि त्या आजाराला नाव असतं हे तेव्हाच्या मास्तरांना ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग प्लंबरच्या हाताखाली, मग आईच्याच कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवायला, मग कत्तलखान्यात. दिवसभर हॉर्न वाजवून तपासणारा माणूस पुढे गायक झाला, यावर विनोद करायचा मोह आवरतो. मध्ये घरफोडी करताना सापडला. दंड भरला असता तर सुटला असता, पण पोराला अद्दल घडावी म्हणून बापाने पैसे भरले नाहीत, आणि ऑझीने विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढले. त्याच बापाने पुढे कर्ज काढून त्याला माइक आणि स्पीकर घेऊन दिले. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये स्वतःचे स्पीकर असलेल्या गायकाला आवाज कसा आहे हे कोणी फारसं विचारत नसे. ऑझीने वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली.

ती चिठ्ठी वाचून दोन तरुण त्याच्या दारात आले. त्यातला एक टोनी आयोमी. ऑझीला पाहताच तो परत फिरायला निघाला. दोघे एकाच शाळेतले, टोनी एक वर्ष पुढे, आणि या बावळटाला गाता येतं यावर त्याचा विश्वास बसेना. शिवाय शाळेत तो ऑझीला दमदाटीही करायचा. बरोबर आलेला ड्रमवाला बिल वॉर्ड मध्ये पडला म्हणून गोष्ट पुढे सरकली.

आयोमीचं म्हणाल तर तो वेल्डिंगचं काम करायचा. वय सतरा, जर्मनीत वाजवायला जायची संधी हाती आलेली, कारखान्यातला शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आता परत जात नाही म्हणाला. आई म्हणाली, काम धरलंय ते पुरं करून ये. परत गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून कधीही न चालवलेल्या त्या यंत्रावर यालाच उभं केलं. पत्रा दाबणारा प्रेस खाली आला, त्याने दचकून हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरं यंत्रातच राहिली. उजव्या हाताची, पण हा डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच.

गिटार विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्यातला त्याचा वरिष्ठ मात्र घरी एक तबकडी घेऊन आला आणि ऐकायचा आग्रह धरला. ती जँगो राइनहार्ट या जिप्सी जॅझ गिटारवाल्याची होती. आगीत त्याची दोन बोटं निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर त्याने सगळं युरोप गाजवलं होतं. ऐकून टोनी कामाला लागला. भांडी घासायच्या फेअरी लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या दोन टोप्या घडवल्या, घासून घासून बोटांना बसवल्या, आणि तारेवरून निसटू नयेत म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं वर चिकटवलं. वेल्डर होता, हाताला ते कसब होतंच.

पण टोपीला स्पर्श कळत नाही. तार किती दाबली गेली हे बोटाला समजत नाही, कानालाच समजतं. जाड तारा दाबल्या की दुखायचं. तेव्हा बाजारात गिटारच्या हलक्या तारा मिळत नव्हत्या, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा वर चढवल्या आणि बाकीच्या एकेक घर खाली सरकवल्या. चार-पाच सुरांची भरगच्च स्वरजुळणी धरणं जड, म्हणून दोन सुरांवर भागवायला लागला: सा आणि पंचम. जोडीला विजेचा गिटार आणि ॲम्प्लिफायर इतका चढवलेला की आवाज फाटायचा. या फाटण्यात गंधार घातला तर सगळा गोंधळ होतो. षड्ज-पंचम मात्र जाड भिंतीसारखे उभे राहतात. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. तंबोऱ्यात तरी दुसरं काय असतं? फक्त आयोमीचा तंबोरा स्थिर राहत नाही, पावलं टाकत चालतो. बोटांच्या त्या दोन टोप्यांमुळे तो वेग सोडून वजनाकडे गेला, आणि अंग भरून येणारा तो आवाज तिथे जन्मला. (त्याने पुढे तारा तीन श्रुतींनी नव्हे, तर चांगल्या दीड स्वरांनी उतरवल्या, हे खरं, पण ते तिसऱ्या तबकडीपासून. पहिलीतला अंधार नेहमीच्याच पट्टीत लावलेल्या गिटारमधून आला आहे.)

या आवाजाचं सगळं श्रेय बर्मिंगहॅमच्या घणांना देऊन टाकायची एक सोयीची पद्धत आहे. रात्रंदिवस कारखान्यांचे ठोके ऐकले, म्हणून असं संगीत केलं, म्हणे. मला ते पुरतं पटत नाही. घण तर शेफिल्डमध्येही पडत होते. शिवाय बिल वॉर्डचे ड्रम नीट ऐका: जीन क्रुपा, बडी रिच अशा जॅझवाल्यांवर वाढलेला तो माणूस घणासारखा मुळीच वाजवत नाही, झुलत वाजवतो, सम चुकवून हसतो. गीझर तर कारखान्यातलाही नव्हता. आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबनीस व्हायला निघालेला, पुस्तकं वाचणारा. यंत्राचा ठसा या तबकडीवर आहे तो दोन बोटांवर आहे, आणि तेवढा पुरे आहे.

चौघांनी 1968 मध्ये सुरुवात केली ती सहा जणांचा बँड म्हणून, नाव ‘पोल्का टल्क’. मग दोघे कमी झाले आणि नाव झालं ‘अर्थ’. वर्षाच्या शेवटी टोनीला जेथ्रो टल या नावाजलेल्या बँडने बोलावून घेतलं. त्यांच्याबरोबर तो 11 डिसेंबरला रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’च्या चित्रीकरणात दिसतोही. पण थोड्याच दिवसांत परतला. तिथे आपण नोकर, इथे घरचे, असा त्याचा हिशेब. येताना एक गोष्ट मात्र घेऊन आला: ते लोक सकाळी उठून ठरल्या वेळी तालमीला बसतात. आता उरलेल्या तिघांना सकाळी नऊला हजर व्हावं लागू लागलं. कारखान्याच्या भोंग्यापासून पळालेली पोरं पुन्हा घड्याळाला बांधली गेली. स्टेशन स्ट्रीटवरच्या क्राउन पबच्या माडीवर जिम सिम्पसन हा ट्रम्पेटवाला ब्लूजचा क्लब चालवायचा. तो त्यांचा व्यवस्थापक झाला. त्याने त्यांना युरोपात धाडलं. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसातून अनेक वेळा मंचावर चढायचं, ऐकायला माणसं असोत वा नसोत. गाणी लांबवायची, वेळ भरून काढायची सवय तिथे लागली.

‘अर्थ’ नावाचा आणखी एक बँड निघाला, तेव्हा नाव बदलणं आलं. तालमीच्या जागेसमोर एक चित्रपटगृह होतं आणि तिथे भुताटकीच्या सिनेमांना रांगा लागायच्या. पैसे देऊन घाबरून घ्यायला माणसं येतात, तर घाबरवणारं गाणं का नको, असा विचार टोनीच्या डोक्यात आला. मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाचा, बोरिस कार्लोफ असलेला 1963 चा एक सिनेमा होता. त्याच्या इंग्रजी नावावरून गीझरने गाण्याला नाव दिलं, आणि गाण्यावरून बँडला. गीझरला तेव्हा तंत्र-मंत्राची पुस्तकं वाचायचा नाद होता, खोलीही त्याने काळी रंगवली होती. एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली, असं तो सांगत आला आहे. काळ्या खोलीत तशी पुस्तकं वाचून झोपलेल्या विशीतल्या पोराला पांढरी आकृती दिसली असती तर नवल. गाण्यात मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: त्यातला माणूस सैतानाला बोलावत नाही, तो भीतीने देवाचा धावा करतो. कॅथलिक घरातल्या मुलाची भीती आहे ती, सैतानपूजा नव्हे.

सन 1969 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वुडस्टॉकच्या शेतात लाखो पोरं फुलं माळून बसली होती. केसांत फुलं माळून सॅन फ्रान्सिस्कोला चला असं सांगणारी गाणी रेडिओवर लागली की ऑझीच्या अंगाची आग व्हायची. ॲस्टनमध्ये फुलं होती कुठे?

अनेक रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिल्यावर टोनी हॉल या माणसाने ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला, सुमारे 600 पौंड. दिवस 16 ऑक्टोबर 1969, जागा लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरचा रीजंट साउंड स्टुडिओ, यंत्र चार ट्रॅकचं. निर्माता रॉजर बेन, तबकडीच्या कामात तसा नवखाच. मुद्रणाच्या यंत्रामागे टॉम ॲलम, ज्याने पुढे 1980 मध्ये बर्मिंगहॅमच्याच जूडस प्रीस्टची ‘ब्रिटिश स्टील’ घडवली. वेळ बारा तास. मिश्रणाला दुसरा दिवस, आणि त्यात बँडचं काही काम नव्हतं; पुढचा कार्यक्रम युरोपात ठरलेला होता, बोट गाठायची होती.

म्हणून त्यांनी मैफलीत वाजवतात तसं वाजवलं. ऑझीला वेगळ्या खोपटात उभं केलं आणि सगळे एकदमच सुरू झाले. बहुतेक गाण्यांना दुसरी संधी मिळाली नाही. पहिलं गाणं ‘विकेड वर्ल्ड’ झालं आणि टोनीच्या पांढऱ्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज विजेत पकडणारा चुंबकी भाग, बंद पडला. दुरुस्तीला वेळ कुठला? जोडीला आणलेला गिब्सन एसजी त्याने उचलला आणि उरलेली तबकडी त्यावर वाजवली. एसजीचा आवाज फेंडरपेक्षा जाड आणि गडद. त्या दिवशी पिकअप शाबूत राहिला असता तर हेवी मेटलचा आवाज आज जरा किणकिणता असता, असा विचार कधीकधी मनात येतो. एसजी मग जन्मभर त्याच्या गळ्यात राहिला.

‘वॉर्निंग’ हे गाणं एन्स्ली डनबरच्या बँडचं, मूळचं आटोपशीर. हॅम्बुर्गच्या सवयीने या लोकांनी ते अठरा मिनिटं वाजवलं. बेनने कात्री लावून सुमारे साडेदहावर आणलं, तरी दुसरी बाजू निम्मीशिम्मी त्यानेच व्यापली आहे. टोनीला त्या कापाकापीचा राग आला होता. मला विचाराल तर बेनचंच बरोबर होतं. आणखी चार मिनिटं कापलं असतं तरी चाललं असतं. ‘ईव्हिल वुमन’ हे तर क्रो या अमेरिकी बँडचं गाणं, सिंगल म्हणून खपेल या हिशेबाने गळ्यात मारलेलं. बँडला ते कधी आवडलं नाही, खपलंही नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ आलं.

‘द विझर्ड’ ऑझीच्या माउथ ऑर्गनने सुरू होतं आणि गीझरने ते टोल्कीनच्या गँडाल्फवरून लिहिलं. ‘एन.आय.बी.’ या तीन अक्षरांचा अर्थ चाहत्यांनी काय काय लावला. प्रत्यक्षात बिल वॉर्डची टोकदार दाढी पेनच्या निबसारखी दिसते म्हणून त्याला ‘निब’ म्हणत, मध्ये टिंबं टाकली ती शोभेला. गाण्यातला सैतान प्रेमात पडून सुधारायला निघालेला आहे.

चौघे बोटीवर होते तेव्हा बेन आणि ॲलमने पहिल्या गाण्याच्या आधी पाऊस, ढगांचा गडगडाट आणि लांबून येणारा चर्चचा घंटानाद जोडला. टेपवर असलेले तयार आवाज होते ते. आज त्या घंटेशिवाय हे गाणं कोणी कल्पूच शकत नाही, आणि ज्यांचं गाणं त्यांना ती नंतर ऐकायला मिळाली.

वेष्टणाचंही तसंच. फिलिप्स कंपनीने नुकत्याच काढलेल्या व्हर्टिगो या शाखेने कीथ मॅकमिलनला काम दिलं. ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्सकाठी मेपलडरमला जुनी पाणचक्की आहे. पहाटेच्या थंडीत काळा झगा घातलेली एक तरुणी तिच्यापुढे उभी केली आणि रंग उलटेपालटे दाखवणाऱ्या इन्फ्रारेड फिल्मवर फोटो घेतले. पानं गुलाबी, आभाळ फिकट, चेहरा हिरवट. ती मुलगी कोण हे चाहत्यांना पन्नास वर्षं ठाऊक नव्हतं. फोटोनंतर ती मेली इथपासून ती फोटोत नव्हतीच इथपर्यंत सगळं बोलून झालं होतं. 2020 मध्ये ती मुलाखतीतून समोर आली, ठणठणीत. वेष्टण उघडलं की आत उलटा क्रॉस आणि त्यात एक कविता. हे बँडला कोणी विचारलं नव्हतं. त्या उलट्या क्रॉसने पुढची सगळी वर्षं ठरवली: एकीकडे काळे झगे घालून हॉटेलच्या दारात मेणबत्त्या लावून बसणारे, दुसरीकडे बायबल उंचावून निषेध करणारे, आणि मध्ये हे चौघे, त्यातला एक कॅथलिक.

समीक्षकांनी धुतलं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकात लेस्टर बँग्जने यांना क्रीम या बँडची वाईट नक्कल ठरवलं. पण जाहिरात नाही, रेडिओ नाही, तरी तबकडी ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत 1 जूनला निघाली, तेविसाव्यावर पोहोचली आणि वर्षाहून जास्त काळ यादीत राहिली. बर्मिंगहॅमच्या पोरांना कोण विकत घेत होतं, याचा अंदाज डेट्रॉइट, क्लीव्हलंड अशा कारखान्यांच्या गावांची नावं घेतली की येतो.

पहिली प्रत घेऊन ऑझी घरी गेला. लॉज रोडवरच्या त्या बैठकीत रात्रपाळीच्या बापाने ती पूर्ण ऐकली आणि मुलाला विचारलं, तू नक्की अधूनमधून बिअरच घेतोस ना?

पुढे या सैतानी बँडच्या गळ्यात मोठे चमकते क्रॉस दिसू लागले, सरळ धरलेले. लोकांनी त्यांचेही अर्थ लावले. ते ॲल्युमिनियमचे होते. जॅक ऑस्बॉर्नने कारखान्यात कामावर असताना, चौघांना एकेक, स्वतःच्या हाताने बनवून दिले होते.